विवाह लावण्याचा अधिकार कोणास?

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीभोवतीच्या वसाहतीत किंवा बालाघाटच्या आडगावी पाळक वेळेवर पोहोचेलच असे नसते. मग उपदेशकानेच विवाह लावावा असा आग्रह होतो. तो मान्य करण्यापूर्वी कायदा पाहावा, असे आम्हांस वाटते.

१८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम आजही येथे लागू आहे. कलम ५ प्रमाणे बिशपच्या हस्ते दीक्षा झालेला पाळक आपल्या मंडळीच्या विधीनुसार विवाह लावू शकतो. इतर बहुतेक पाळकांस शासनाचा परवाना लागतो. उपदेशकासही वाट बंद नाही. कलम ९ अन्वये राज्य शासन कोणाही ख्रिस्ती व्यक्तीस परवाना देऊ शकते. परंतु तो वधू व वर दोघेही भारतीय ख्रिस्ती असतील तरच चालतो. पुष्कळांची गल्लत येथेच होते. एक पक्ष अख्रिस्ती असला तरी कलम ४ मुळे विवाह याच कायद्याखाली येतो, आणि तो लावण्यास हा परवाना पुरत नाही.

अधिकाराविना लावलेल्या विवाहाबद्दल कलम ६८ मध्ये दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. पण खरा घाव वधूवर बसतो: विवाहच शून्य ठरला, तर पत्नी म्हणून तिने हक्क कोठे मागावा?

वर २१ व वधू १८ वर्षांची असावी. दोन विश्वासू साक्षीदार हवेत. विशेष परवाना नसल्यास विधी सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच व्हावा. खाणीतील पाळी सुटून वऱ्हाडी येईपर्यंत थांबू नये. जेवण त्यांच्यासाठी थांबू शकते.