नाबटेस्को

नाबटेस्को : यंत्रे व यंत्रांचे भाग बनविणारी एक बहुविध जपानी उद्योगसंस्था. मुख्य कार्यालय टोकिओ येथे. आगगाड्यांचे गतिरोधक (ब्रेक) व दरवाजे, विमानांचे नियंत्रक पृष्ठभाग हलविणारी साधने, जहाजांच्या एंजिनांची दूरनियंत्रण यंत्रणा, उत्खनन यंत्रांची द्रवीय चलित्रे, इमारतींची स्वयंचलित दारे अशी तिची विविध उत्पादने आहेत. परंतु संस्थेची जागतिक ख्याती आहे ती औद्योगिक यंत्रमानवाच्या सांध्यात बसविल्या जाणाऱ्या अचूक दंतचक्रपेटीमुळे. मध्यम व मोठ्या यंत्रमानवांसाठी जगात लागणाऱ्या अशा पेट्यांपैकी सु. ६०% पेट्या आपण पुरवितो, असे संस्था सांगते.

दोन जुन्या कंपन्यांच्या एकत्रीकरणातून २००३ मध्ये ही संस्था स्थापन झाली व नावातही त्या दोन्ही कंपन्यांची अक्षरे आली आहेत. त्यांपैकी नाबको ही १९२५ मध्ये कोबे येथे ‘निप्पॉन एअर ब्रेक’ या नावाने निघालेली, रेल्वेचे हवेच्या दाबावर चालणारे गतिरोधक बनविणारी कंपनी. दाबयुक्त हवा व झडपा यांचा तिचा अनुभव पुढे स्वयंचलित दारांच्या निर्मितीत उपयोगी पडला. दुसरी तेइजिन सेइकी. कृत्रिम रेशमाच्या उद्योगातील तेइजिन कंपनीच्या, १९४४ मध्ये सुरू झालेल्या विमान-उत्पादनाच्या शाखेतून ती उदयास आली. युद्धसमाप्तीनंतर दोस्त राष्ट्रांनी जपानमध्ये विमाननिर्मितीस बंदी घातली, ती १९५२ पर्यंत टिकली. तेव्हा या कारखान्याने वस्त्रोद्योगाची यंत्रे बनविली आणि बंदी उठल्यावर तो विमानांच्या भागांकडे पुन्हा वळला. बोइंग ७७७ या विमानाची नियंत्रक पृष्ठे हलविणारी साधने याच परंपरेतील होत. उत्खनन यंत्राचे पट्टे फिरविणारे चलित्र व त्याला जोडलेली दंतचक्रे हेही तेइजिन सेइकीचेच उत्पादन. चिखलात व दगडांत चालणाऱ्या या अवजड यंत्राच्या दंतचक्रांतूनच यंत्रमानवाच्या नाजूक सांध्याची पेटी विकसित झाली, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे.

विद्युत् चलित्र मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेते, पण त्याचे परिपीडन अल्प असते. यंत्रमानवाच्या बाहूला मात्र संथ गती व मोठे परिपीडन लागते. म्हणून मध्ये वेग शंभरपट किंवा तशाच प्रमाणात कमी करणारी पेटी हवी. साध्या दंतचक्रांनी हे साधते, तथापि दात्यांच्या फटींमुळे येणारा सैलपणा बाहूच्या टोकाशी वाढत जातो. सांध्यात केवळ एका कलेचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) सैलपणा असला, तरी दोन मीटर लांबीच्या बाहूचे टोक अर्ध्या मिलिमीटरहून अधिक ढळते. मोटारीच्या सांगाड्याचे वितळजोड करताना एवढी चूकही जाचक ठरते.

संस्थेच्या ‘आरव्ही’ पेटीत वेग दोन टप्प्यांत कमी होतो. पहिल्या टप्प्यात मधले लहान दंतचक्र भोवतालच्या दोन किंवा तीन दंतचक्रांना फिरविते. ती प्रत्येकी एका भुजादंडावर बसविलेली असतात. भुजादंडांवरील उत्केंद्री भागांमुळे लहरी कडांच्या दोन तबकड्या डोलू लागतात. बाहेरच्या आवरणात दंडगोल खुंट्या बसविलेल्या असून त्यांची संख्या तबकडीच्या दात्यांपेक्षा एकने जास्त असते. त्यामुळे भुजादंडाच्या एका फेऱ्यात तबकडी उलट दिशेने फक्त एका खुंटीच्या अंतराइतकीच सरकते. एकाच वेळी पुष्कळ दाते खुंट्यांना भिडलेले असल्याने भार वाटला जातो व पेटी आकस्मिक धक्के सहन करते. डोलणाऱ्या तबकडीची ही कल्पना मुळात जपानी नव्हे; जर्मन अभियंता लोरेंट्स ब्रारेन यांनी ती दोन महायुद्धांच्या दरम्यान मांडली होती.

मग दोन टप्पे कशासाठी? एकाच टप्प्याच्या पेटीत उत्केंद्री भाग चलित्राच्याच वेगाने फिरतो आणि त्यातून उद्‌भवणारी कंपने बाहूच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळून अनुस्पंदन होण्याचा धोका असतो. बाहू थरथरू लागला म्हणजे सारी अचूकता वाया जाते. पहिल्याच टप्प्यात वेग उतरविल्याने अनुस्पंदनाची वेळ नेहमीच्या कार्यवेगाच्या पलीकडे ढकलली जाते. १९८० नंतरच्या दशकात ही रचना बाजारात आली.

या पेट्यांचे जपानमधील मुख्य उत्पादन मिए प्रांतातील त्सू येथे होते. फानुक, यास्कावा, कूका यांसारखे यंत्रमानव-निर्माते तिचे ग्राहक आहेत. लहान व हलक्या सांध्यांसाठी मात्र लवचिक दातेरी कड्याची, म्हणजे अमेरिकन संशोधक वॉल्टन मसर यांच्या १९५० नंतरच्या दशकातील शोधावर आधारलेली पेटी वापरतात. तिच्या उत्पादनातही एक जपानी कंपनीच अग्रेसर आहे. यंत्रमानव कोणत्याही देशात जुळविला, तरी त्याच्या सांध्यांसाठी मोजक्या कारखान्यांवर विसंबावे लागते. कारण आकृती कागदावर उतरविणे कठीण नाही. खुंट्या व तबकड्या मिलिमीटरच्या सहस्रांशापर्यंत घासून घेणे आणि हजारो तासांच्या कामानंतरही सैलपणा वाढू न देणे, हे कठीण. चीन हा यंत्रमानवांचा सर्वांत मोठा ग्राहक बनल्यावर नाबटेस्कोने तेथील च्यांगजौ येथे उत्पादन सुरू केले. चिनी कारखान्यांनीही स्वतःच्या पेट्या कमी किमतीत विकण्यास आरंभ केला असून त्या तेथील यंत्रमानवांत बसविल्या जात आहेत.