वादळानंतर नागकाठी: रोपं कमी, निगा जास्त

वैशाखातलं वावधान असो की २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटेचा तो पाऊस (काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी वस्त्यांत शिरली), त्यानंतर नागपुरात स्वयंसेवकांची वाण कधी पडत नाही. खड्डे खणले जातात, रोपं लागतात, फोटो निघतात. माझं म्हणणं असं की हे हात आधी मोडलेल्या, पण उभ्या असलेल्या झाडांकडे वळायला हवेत. नदीची ओळख थोडक्यात सांगायची तर लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम, अंबाझरी, मग अख्खं शहर, पुढे पिवळी नदीची भेट आणि कन्हानमार्गे वैनगंगा. बस.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. बिघडलेला भाग झाड दुरुस्त करत नाही. आतून त्याला भिंत घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकेतले ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून हे दाखवलं. फांदी खोडाला मिळते तिथली फुगीर कडी ही या कामाची जागा. म्हणून खोडाला घासून कापलं तर कडीच जाते, आणि हातभर खुंट सोडला तर तो कुजून बुरशीला वाट देतो. वरून डांबर फासण्याची आपली हौसही निरुपयोगी, कुज त्याने थांबत नाही. वादळी जखमेचा हिशेब किती लांबतो, हे हुगळीकाठच्या शिबपूरच्या महावटवृक्षात दिसतं. १८६४ आणि १८६७च्या चक्रीवादळांत तो मोडला, बुरशी शिरली आणि मूळ खोड काढावं लागलं ते १९२५ साली. पारंब्यांच्या जोरावर वड मात्र आजही पसरतोच आहे. लंडनच्या क्यू उद्यानातला ओक तर याहून नवलाचा. ऑक्टोबर १९८७च्या वादळाने तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा जागेवर बसवला. तीन वर्षांनी पाहतात तो आधीपेक्षा तजेलदार! लोकांच्या पायांनी दगड झालेली माती त्या हिसक्याने भुसभुशीत झाली होती. त्यानंतर तिथे झाडांखालची माती मुद्दाम सैल करू लागले.

नागकाठी हाच मुद्दा कळीचा आहे. एका बाजूला काँक्रीटची भिंत, दुसऱ्या बाजूला बुंध्यापर्यंत आलेले फरसबंदीचे गट्टू; मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडेही वादळाआधीचं खरं काम तेच.

मोडकं झाड अंगावर पडेल, ही शंका रास्त आहे. मुळांचा गड्डाच उचलला गेला असेल किंवा खोड उभं चिरलं असेल तर ते काढावंच. पण तो निर्णय जाणकाराचा, आणि १९७५च्या राज्याच्या वृक्ष कायद्यामुळे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीचा. आरी घेऊन वर चढणं हे हौशी माणसाचं काम नव्हेच. त्याच्यासाठी खाली भरपूर आहे: नोंदी ठेवणं, दबलेली माती मोकळी करणं, पालापाचोळा अंथरणं, मे महिन्यात पाणी घालणं. दुसरा आक्षेप असा की काठावरची झाडं पुराचं पाणी अडवतात. पात्रातली अडवतात, हे खरं. तिथे झाड नकोच. काठाच्या माथ्यावर मात्र करंज, उंबर, जांभूळ आणि अर्जुन माती धरून ठेवतात. अर्जुन तर ओढ्याकाठचाच रहिवासी. गुलमोहर मादागास्करचा, देखणा, पण फांद्या ठिसूळ. नदीकाठी त्याचा हट्ट का धरावा, ते मला कळत नाही.

नवी रोपं लावूच नयेत असं नाही. ज्या जागी झाड खरंच गेलं, तिथे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावीत, आणि लावणाऱ्याच गटाने पुढचे तीन उन्हाळे त्यांना पाणी द्यावं. तेवढी तयारी नसेल, तर त्या गटाने त्या वर्षी जुन्या झाडांचे गट्टूच उचलावेत.