बंपरआडचा डोळा : मोटारीचे सुटे भाग आणि रडार

नाशिक जिल्ह्याला रडार नवे नाही. ओझर येथे १९६४ साली मिग विमानांच्या बांधणीसाठी कारखाना स्थापन झाला. लढाऊ विमानाच्या नाकात रडार असते आणि त्यावर अधातूची निमुळती टोपी बसविलेली असते. वाऱ्याला अडवावे, पण रडारच्या लहरींना वाट द्यावी, असे दुहेरी काम या टोपीला करावे लागते. आता तेच काम मोटारीच्या बंपरकडे आले आहे. एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आलेली महिंद्रची एक्सयूव्ही ३एक्सओ ही गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार होते. तिच्या वरच्या श्रेणीतील गाड्यांमध्ये रडार व कॅमेरा यांच्या साहाय्याने पुढील वाहनापासून अंतर राखण्याची आणि प्रसंगी आपोआप ब्रेक लावण्याची सोय आहे.

रडारचे तत्त्व जुने आहे. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी ख्रिश्चन ह्युल्समायर या जर्मन संशोधकाने १९०४ साली कलोन येथे अशा यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले होते. मोटारीतील रडार ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरी सोडते. दीडशे मीटरवरील ट्रकवर आपटून लहर परत येण्यास सेकंदाचा केवळ दहा लाखावा भाग लागतो. एवढा सूक्ष्म काळ थेट मोजण्याऐवजी लहरीची कंप्रता सतत चढवीत नेतात. परतलेली लहर थोडी आधी निघालेली, म्हणून खालच्या कंप्रतेची असते. या फरकावरून अंतर कळते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी जशी चढ्या स्वरात ऐकू येते, तशाच बदलावरून समोरच्या वाहनाचा सापेक्ष वेग समजतो. कसारा घाटातील पावसाळी धुक्यात कॅमेऱ्याची दृष्टी मंदावते. रडारला धुक्याची फारशी अडचण होत नाही.

अडचण होते ती गाडीच्या स्वतःच्या अंगाची. या लहरींची लांबी हवेत सुमारे ३.९ मिलिमीटर असते. बंपरसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये शिरताच ती सुमारे २.६ मिलिमीटर होते. प्लास्टिकच्या पुढील व मागील अशा दोन्ही पृष्ठांवरून लहरीचा काही अंश उलटतो. जाडी या लांबीच्या अर्ध्या पटीत, म्हणजे सुमारे १.३, २.६ किंवा ३.९ मिलिमीटर ठेवली, तर हे दोन उलटलेले अंश एकमेकांना मारक ठरतात व लहर जवळजवळ विनाअडथळा पार होते. यामुळे साचा तयार करणाऱ्या कारागिरापुढे नवे बंधन आले. बंपर मजबूत व देखणा असणे पुरेसे नाही. रडारसमोरच्या भागात त्याची जाडी मिलिमीटरच्या अंशांपर्यंत सारखी राखावी लागते. आतल्या बाजूच्या आधारपट्ट्या तेथे चालत नाहीत आणि तीव्र वळणही टाळावे लागते.

रंगाचे प्रकरण आणखी नाजूक आहे. चंदेरी चमक देणाऱ्या रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात आणि ते लहर परतवितात. म्हणून एकाच आकाराच्या पांढऱ्या व चंदेरी बंपरची स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते. रडार कंपनीच्या मानचिन्हामागे बसवावयाचे असल्यास क्रोमचा सलग मुलामा वर्ज्य ठरतो. त्याऐवजी इंडियम धातूचा अतिशय पातळ, सुट्या कणांचा थर देतात. तो डोळ्यांना धातूसारखा दिसतो, पण रडारच्या लहरी त्यातून पार होतात.

एवढी दक्षता कशासाठी, हे साध्या हिशोबाने समजते. बंपरने लहरीची निम्मी शक्ती शोषली, तर परतीच्या वाटेवर उरलेल्याचीही निम्मी जाते. एक चतुर्थांश उरते. रडारची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटत असल्यामुळे दीडशे मीटरचा पल्ला सुमारे १०६ मीटरवर येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला हे गेलेले ४४ मीटर म्हणजे दोन सेकंद होत. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, हे ध्यानात घेता दोन सेकंद थोडे नव्हेत.

कारखान्याने घेतलेली ही काळजी गावच्या गॅरेजात सहज वाया जाऊ शकते. ठोकर लागलेल्या बंपरवर दोन-तीन मिलिमीटर पुट्टी भरून वर रंगाचे नवे थर चढविले, की जाडीचा सारा हिशोब बिघडतो. रडारचा आधार एक अंशाने जरी कलला, तरी शंभर मीटरवर त्याची दृष्टी पावणेदोन मीटर बाजूला जाते. साडेतीन मीटर रुंदीच्या मार्गिकेचा हा अर्धा भाग झाला. रडार पूर्ण झाकले गेल्यास बहुतेक गाड्या चालकाला तशी सूचना देतात. अर्धवट आंधळेपणाची मात्र सूचना मिळेलच असे नाही, आणि धोका अधिक तो त्यातच.

हौसेने बसविल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डची गोष्टही अशीच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरतात, असे कळविले होते. पादचाऱ्यांना होणारी इजा हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. रडार असलेल्या गाडीवर तोच लोखंडी दांडा यंत्राच्या डोळ्यांपुढे येतो. पुढील जाळीवर लावलेली पदनामाची पाटी किंवा निवडणुकीतील धातूच्या चकाकीचा स्टिकर यांचाही परिणाम वेगळा नसतो. शासकीय व जिल्हा परिषदेच्या ताफ्यात अशी गाडी दाखल झाल्यास, बंपर बदलल्यानंतर रडारची दिशा पुन्हा जुळवून घेतल्याची नोंद दुरुस्तीच्या देयकावर आहे की नाही, हे ते मंजूर करण्यापूर्वी पाहावे.