अनुभव नाही म्हणता? रिझ्युमे लिहिताना जालन्याच्या मुलामुलींकडून नेमकं काय सुटतं

नोकरीची जाहिरात दिसली की पहिली चक्कर होते झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या कॉम्प्युटरवर एक तयार फाइल असते. आधीच्या मुलाचं नाव खोडून तुमचं नाव टाकलं जातं, मार्कांचा तक्ता बदलतो. छंदात ‘वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट’ तसंच राहतं आणि अनुभवापुढे एकच शब्द येतो, ‘फ्रेशर’. दहा मिनिटांत बायोडेटा तयार!

अडचण अशी की, त्याच दुकानातून त्याच जागेसाठी गेलेले सगळे कागद सारखेच दिसतात. मग मुलाखतीला तुम्हालाच का बोलवावं, हे निवडणाऱ्याला कळणार कसं?

बायोडेटा आणि रिझ्युमे एकच का?

नाही. बायोडेटा म्हटलं की आपल्याला लग्नाचा कागद आठवतो. जन्मवेळ, उंची, रास, वडिलांचा व्यवसाय, मामांचं गाव. तुम्ही कोण आणि कुणाचे, हे तो सांगतो. रिझ्युमे मात्र तुम्हाला कोणतं काम येतं, हे सांगतो. हा मूळ फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘सारांश’. सीव्ही म्हणजे लॅटिनमधलं ‘करिक्युलम व्हिटे’, आयुष्याची वाटचाल. प्राध्यापक किंवा संशोधकांचा सीव्ही अनेक पानांचा असतो. आपल्याकडे कंपन्या हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. नुकतंच शिक्षण संपलेल्यांसाठी एक पान पुरेसं आहे.

त्यामुळे जात, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचं उत्पन्न यांना रिझ्युमेत जागा देऊ नका. तीच जागा कामाला द्या.

पण काम केलंच नसेल तर?

खरंच केलं नाही का? जालन्याच्या दोन मोठ्या ओळखी म्हणजे बियाणं आणि स्टील. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यातच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. आज जिल्ह्यात अनेक शेतकरी कंपन्यांसाठी बीजोत्पादनाचे प्लॉट घेतात. कॉलेजला जाणारी मुलंमुलीही घरच्या प्लॉटवर राबतात. कपाशीच्या मादी फुलातले पुंकेसर संध्याकाळी काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे परागकण लावायचे. भेसळीची झाडं ओळखून उपटायची. मजुरांची हजेरी ठेवायची.

हे सगळं करणारी मुलगी बीएस्सी ॲग्री होऊन बियाणे कंपनीत अर्ज करते आणि अनुभवात लिहिते, ‘फ्रेशर’! ‘ते तर घरचं काम,’ असं तिला वाटतं. पण कंपनीच्या फील्ड स्टाफला प्लॉटवर जाऊन हेच काम तपासायचं असतं.

तिने असं लिहिलं तर?

‘घरच्या अर्धा एकर संकरित कपाशी बीजोत्पादन प्लॉटवर 2 हंगाम काम. परागीकरण, भेसळ झाडं काढणं आणि 6 मजुरांच्या हजेरीची नोंद.’

दोनच ओळी, पण त्यात काम, जागा, काळ आणि आकडा, चारही गोष्टी आल्या. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. तुम्ही तुमचेच खरे आकडे लिहा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार.

आयटीआयवाल्यांनी काय लिहायचं?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया बनवणारे कारखाने आहेत. तिथे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर लागतात. ‘मेहनती आणि प्रामाणिक’ असं प्रत्येकच जण लिहितो, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी हाताला काय येतं ते लिहा. इलेक्ट्रिशियन असाल तर, ‘थ्री फेज मोटरचं स्टार-डेल्टा कनेक्शन, पॅनल वायरिंग, मेगरने इन्सुलेशन तपासणी.’ फिटर असाल तर व्हर्नियर, मायक्रोमीटरने माप घेता येतं का, ड्रॉइंग वाचता येतं का, ते सांगा. अप्रेंटिसशिप केली असेल तर कारखान्याचा विभाग आणि महिने लिहा.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, मेडिकलवर किंवा सीएच्या ऑफिसात केलेलं कामही अनुभवच आहे. पगार कमी होता म्हणून ते लपवू नका.

एकच रिझ्युमे सगळीकडे पाठवायचा का?

इथेच बरेच जण चुकतात. आधी जाहिरात नीट वाचा. त्यात ‘टॅली’ आणि ‘जीएसटी’ हे शब्द असतील आणि ते तुम्हाला येत असेल, तर तेच शब्द रिझ्युमेत वरच्या भागात आणा. मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली छाननी अनेकदा सॉफ्टवेअर करतं आणि ते असेच शब्द शोधतं. रंगीत चौकटी, दोन-दोन कॉलम, कौशल्यांपुढे चांदण्या असलेली टेम्पलेट त्याला नीट वाचता येतीलच असं नाही. साधी मांडणी आणि पीडीएफ फाइल उत्तम. रिझ्युमेचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका.

भाषा? जाहिरात ज्या भाषेत, रिझ्युमे त्या भाषेत. इंग्रजी असेल तर छोटी, साधी वाक्यं ठेवा. सरकारी भरतीत मात्र ठरलेला अर्जच भरावा लागतो, तिथे रिझ्युमे चालत नाही.

पाठवण्याआधी हे तपासा

- नाव, चालू मोबाइल नंबर आणि स्वतःच्या नावाचा ईमेल सगळ्यात वर. ‘किंग’, ‘लव्हर’ असले ईमेल आयडी नकोत.
- शिक्षण उलट्या क्रमाने. पदवी आधी, दहावी शेवटी.
- एमएस-सीआयटी, टायपिंगची प्रमाणपत्रं असतील तर वर्षासह.
- आधार, पॅन, बँक खात्याचा नंबर रिझ्युमेवर कधीच नको. नोकरी देतो म्हणून ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली तर तिथेच थांबा.
- फाइलला तुमचं नाव आणि पदाचं नाव द्या. ‘न्यू फायनल 2’ नको.

अनुभव मिळवायचा कुठून?

राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय आणि पदवीधर तरुणांना आस्थापनांमध्ये विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम शिकण्याची सोय करण्यात आली. तुम्ही असं प्रशिक्षण घेतलं असेल, तर तेही अनुभवाच्या रकान्यात लिहा.

आणि एक सोपी परीक्षा. रिझ्युमे तयार झाला की नाव झाकून मित्राला वाचायला द्या. ‘हा कुणाचाही असू शकतो,’ असं तो म्हणाला, तर अजून काम बाकी आहे. ‘हा तर तुझाच,’ म्हणाला, तर पाठवून द्या!