पडद्यावरचं कुंकू, कागदावरचं कुंकू

नवरात्रात तुळजापूरला काढलेले फोटो घरच्या प्रिंटरवर छापले, की अनेकजण मला विचारतात, ‘संगणकावर लालभडक दिसणारं कुंकू कागदावर काळपट का?’

मंडळी, पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तो रंग घडवतो. कागद मात्र खोलीतलाच उजेड परतवतो, तोही निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या शाईतून. त्यामुळे काही झगझगीत रंग शाईला गाठताच येत नाहीत. तंतोतंत नाही, पण जवळपास जुळणी मात्र साधते.

पडद्याशेजारी कोरा कागद धरा आणि दोन्हींचा पांढरा सारखा दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी करा. फोटो ‘एसआरजीबी’ या १९९६ साली मांडलेल्या रंगपद्धतीत ठेवा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये घातलेल्या कागदाचाच प्रकार निवडा. रंग जुळवण्याचं काम सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर, एकाकडेच द्या. दोघांनी केलं तर रंग बिघडतात. आधी छोटा नमुना छापा, वाळू द्या, दिवसाच्या उजेडात पाहा.

संगणक जुना होतो, बदलला जातो. भिंतीवरची तसबीर राहते. आजीच्या कपाळावरचं कुंकू पुढच्या पिढीला तिथंच दिसणार आहे. त्यासाठी एक नमुना जास्त छापला, तर शाई वाया गेली असं समजू नका.