चिखल, खडी आणि डांबर : लांबच्या सायकल सफरीसाठी टायरची निवड

आपल्या संघटनेतील बरेच सभासद अलीकडे पहाटे सायकलवर दिसू लागले आहेत. कोणी टिळकवाडीतच दोन फेऱ्या मारतात, तर कोणी रविवारी जांबोटीपर्यंत जाऊन येतात. त्यामुळे रक्तदाब व गुडघेदुखीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : "लांबच्या सफरीला टायर कोणते घ्यावेत?" दुकानातले उत्तर बहुधा ठरलेले असते. वाटेत चिखल आहे ना, मग खोल नक्षीचे 'बटन टायर' घ्या! हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. ते तसे का, हे सांगण्यासाठी आम्ही पाच मित्रांनी सायकलवरून केलेल्या एका मार्गाचे उदाहरण घेतो. डांबर, खडी, माती आणि चिखल हे सारे त्या एकाच मार्गावर भेटते. शिवाय मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना तो करता येण्याजोगा आहे.

आधी मार्गाची 'हिस्टरी'

पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन ही मोटारविरहित वाट सुमारे ५४० किलोमीटरची आहे. तिचा पहिला सुमारे २४० किलोमीटरचा भाग 'ग्रेट अलेगेनी पॅसेज' या नावाने ओळखला जातो. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तो टप्प्याटप्प्याने तयार झाला व २०१३ साली पूर्ण झाला. चुनखडीची बारीक चुरी दाबून बसवलेला हा पृष्ठभाग पावसातही बराचसा घट्ट राहतो. मूळचा रेल्वेमार्ग असल्याने चढही सौम्य आहेत.

कंबरलँड या गावी चित्र पालटते. तेथून 'चेसापीक अँड ओहायो' कालव्याच्या काठची सुमारे २९७ किलोमीटरची वाट सुरू होते. १८२८ ते १८५० या काळात खोदलेल्या या कालव्यातून खेचरांकरवी नावा ओढल्या जात, आणि ही वाट त्या खेचरांची! कालव्यावरील वाहतूक १९२४ साली थांबली. १९७१ पासून हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. काही भागांत अलीकडे बारीक खडी टाकली असली, तरी पुष्कळ ठिकाणी चिकण माती, वर आलेली मुळे व दगड आहेत. दोन दिवस पाऊस झाला की चाकोऱ्यांत पाणी साचते. हॅनकॉक गावाच्या परिसरात मात्र सुमारे ४५ किलोमीटरची डांबरी वाट कालव्याला समांतर जाते. पावसाळी दिवशी तिचा आश्रय घेता येतो.

रुग्णाच्या एकाच लक्षणावरून आपण औषध लिहीत नाही. टायरचेही तसेच आहे. 'चिखल' हे लक्षण ठळक असले, तरी त्याचे एकूण प्रवासातील प्रमाण किती, हे आधी पाहिले पाहिजे. या मार्गावर निम्म्याच्या आसपास अंतर घट्ट चुरीचे किंवा डांबराचे आहे. उरलेल्या मातीच्या वाटेवरही खोल चिखल सलग नसतो. चार-पाचशे मीटरच्या चिखलासाठी पाचशे किलोमीटर जड टायर ओढत नेणे हा उपचार रोगापेक्षा महाग पडतो.

रुंदी आणि हवा

अशा मार्गावर नक्षीपेक्षा रुंदी आणि हवेचा दाब यांना अधिक महत्त्व आहे. चाकावर ५० किलो, म्हणजे सुमारे ११० पौंड भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस इंचाला ५० पौंड हवा आहे असे समजा. टायर जमिनीला साधारण २.२ चौरस इंच टेकेल. हवा ८० पौंड केली, तर हाच स्पर्श १.४ चौरस इंचांवर येतो. कडक, अरुंद टायर मऊ मातीत रुततो आणि खडीवर उसळतो. ही उसळी वेग खाते व तळहातावरही आदळते. करंगळी व अनामिका बधिर होण्याची तक्रार घेऊन येणारे सायकलस्वार आपण पाहतो. मनगटाशी अल्नर नर्व्हवर तासन्तास पडणारा दाब व कंपने यांचा तो परिणाम असतो. मुलाची तीनचाकी सुखाने चालावी म्हणून बेलफास्टमध्ये हवेचा टायर बनवून १८८८ साली त्याचे पेटंट घेणारे जॉन बॉइड डनलॉप हे पेशाने पशुवैद्य होते, याची येथे आठवण होते.

हवा अतिशय कमी केली, तर दगडावर रिम टेकते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात, अगदी सर्पदंशाच्या खुणेसारखी. मध्यममार्ग असा : स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबावा. साधारण ७० ते ७५ किलो वजनाचा स्वार, थोडे सामान आणि ४० मिलिमीटरचा टायर असेल, तर मागे ५० व पुढे ४० पौंडांपासून सुरुवात करून अनुभवाने कमी-जास्त करावे. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नये.

नक्षी आणि चिखलाचा स्वभाव

ओल्या डांबरावर नक्षी हवीच, हा समज मोटारीवरून आलेला आहे. सायकलचा टायर अरुंद व वेग कमी, म्हणून तो पाण्यावर तरंगत नाही. तेथे गुळगुळीत टायरही चांगला धरतो. उलट उंच बटने डांबरावर वाकतात आणि आपली शक्ती वाया घालवतात.

चिखलातही दोन जाती आहेत. वर पातळ राड आणि खाली घट्ट जमीन असेल, तर साधी नक्षी पुरते. खोल, चिकट मातीत दूर-दूर बसवलेली बटने उपयोगी पडतात, कारण चाक फिरताना त्यांतली माती सुटून जाते. पण फार चिकट माती बटने असूनही चिमटा व मडगार्डात भरते आणि चाक अडते. म्हणून टायर आणि चिमटा यांमध्ये दोन्ही बाजूंना निदान आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा राहील, एवढाच रुंद टायर घ्यावा.

आम्ही या सफरीसाठी ४० मिलिमीटरचे टायर निवडले होते. मध्यभागी जवळजवळ सपाट, कडेला छोटी बटने. पाचांपैकी तिघे साठीच्या पुढचे असल्यामुळे पुढच्या चाकाला थोडी अधिक नक्षी ठेवली. यामागे विचार आहे. मागचे चाक घसरले, तर बहुधा सावरता येते. पुढचे घसरले की माणूस पडतोच. पडताना हात पुढे टेकतो आणि मग मनगटाचे किंवा गळपट्टीचे हाड मोडते. आपल्या वयाच्या सायकलस्वारांनी टायरची निवड प्रथम या दृष्टीने करावी.

खरेदी करताना

'२८ इंची' एवढे सांगून टायर घेऊ नये. जुन्या काळ्या सायकलीच्या २८ × १½ टायरचा बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, तर हल्लीच्या '७०० सी' चाकाचा ६२२. ते एकमेकांना बसत नाहीत. कडेवरील '४०-६२२' यासारखा आकडा वाचावा : पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. पंक्चररोधक पट्टी असलेला टायर थोडा जड असला तरी लांबच्या वाटेवर तोच बरा. ट्यूबलेस घेतला, तरी एक ट्यूब, पंप आणि ठिगळे जवळ असावीतच.

आपल्या मातीत

हाच हिशेब बेळगाव परिसरातही लागू पडतो. खानापूर-जांबोटीकडील तांबड्या मातीत पाणी लवकर मुरते. तेथे वरचा निसरडा थर सांभाळला की ३८ ते ४२ मिलिमीटरचा, कडेला बटने असलेला टायर पुरेसा होतो. शहराच्या पूर्वेकडची काळी माती मात्र पाऊस पडताच फुगते आणि चाकाला पोळ्यासारखी चिकटते. त्या मातीवर कोणत्याही टायरची मात्रा चालत नाही. तेथे डांबरी वाट धरावी किंवा एक दिवस थांबावे. पथ्य पाळल्याने जे साधते ते दर वेळी औषधाने साधत नाही, हे आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना निराळे सांगायला नको.