ब्रेकचा आवाज : वाहनाने वेळीच दिलेली सूचना

वाहन खरेदी करताना इंधनाचा खर्च, आसनव्यवस्था आणि मासिक हप्ता यांची बारकाईने चौकशी केली जाते. ब्रेकचा विचार मात्र सहसा एखादा अनोळखी आवाज कानी पडल्यावरच सुरू होतो. असा आवाज ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही आणि रेडिओ मोठा करून तो दडपणे तर मुळीच हिताचे नाही. आवाज कोणता, केव्हा आणि कोठून येतो, एवढे पाहिले तरी दोषाचा बराचसा उलगडा होतो.

ब्रेक दाबल्यावर दोन पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. या घर्षणात पॅड क्षणभर धरतो, क्षणभर सुटतो आणि त्यातून सेकंदाला हजारो कंपने निर्माण होतात. प्रश्न जुनाच आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्यातील तांब्याचे अस्तर डिस्कवर घासून कर्कश किंचाळत असे. आजच्या डिस्क बहुधा बिडाच्या असतात, कारण बिडातील ग्रॅफाइट ही कंपने बऱ्याच अंशी शोषून घेते.

भिलाईकरांना लोखंडाचे गुणधर्म निराळे सांगायला नकोत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि या नगरीचे जीवनच पोलादाभोवती गुंफले गेले. बीड जितके कणखर, तितकेच ओलाव्याने लवकर गंजणारे. पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेल्या वाहनाच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळी पहिले काही ब्रेक दाबताना खरखर ऐकू येते. ती दोन-चार वेळा ब्रेक लावल्यावर थांबली, तर चिंतेचे कारण नाही.

आवाजाची ओळख

ब्रेक दाबताच बारीक, तीक्ष्ण ‘चीं’ असा आवाज दररोज येत असेल, तर पॅड तपासून घ्यावेत. अनेक पॅडना पोलादाची एक लहान पट्टी जोडलेली असते. पॅडचे अस्तर झिजून दोन-तीन मिलिमीटर उरले की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम आवाज करते. धूळ साचल्यानेही, किंवा अतिउष्णतेने पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यानेही असा आवाज येऊ शकतो.

धातूवर धातू घासल्याचा जाड, कर्कश आवाज अधिक गंभीर समजावा. येथे अस्तर संपून पॅडची मागची लोखंडी पाटी डिस्कवर घासत असण्याची शक्यता मोठी असते. अशा स्थितीत वाहन पुढे दामटू नये.

ब्रेक लावताना एकदाच ‘खट्’ वाजत असेल, तर सैल झालेले पॅड, कॅलिपरचे बोल्ट किंवा सस्पेन्शनचे बुश पाहावेत. ब्रेकचे पेडल थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसावी. मात्र अचानक जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलखाली जाणवणारी धडधड आणि घरघर एबीएस यंत्रणेची असते. अशा वेळी पाय उचलू नये.

ब्रेक न लावताही आवाज येत असेल, तर डिस्कशेजारी अडकलेला खडा किंवा चाकाचे बेअरिंग कारणीभूत असू शकते. वळणावर कमीजास्त होणारी घुमघुम बहुधा बेअरिंगची असते. एकच चाक विलक्षण तापत असेल आणि जळका वास येत असेल, तर तेथील ब्रेक पुरता सुटत नाही असे समजावे.

तपासणी आणि खर्च

मोकळ्या, सपाट रस्त्यावर काचा खाली करून, कमी वेगात आधी हलका आणि मग थोडा जोराचा ब्रेक लावून पाहावा. आवाज पुढून येतो की मागून, थंड असताना येतो की तापल्यावर, हे टिपून मेकॅनिकला सांगावे. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली असेल, तर पॅड झिजले असतील किंवा कोठे गळती असेल. केवळ ऑइल भरून समाधान मानू नये. आवाज थांबवण्यासाठी डिस्कवर तेल वा ग्रीस लावणे तर जिवावर बेतू शकते.

पॅड एकाच चाकाचे न बदलता समोरासमोरील दोन्ही चाकांचे बदलावेत. डिस्क बदलण्याचा सल्ला मिळाल्यास तिची जाडी मोजून घ्यावी. किमान जाडीचा आकडा अनेकदा डिस्कवरच कोरलेला असतो. जुने भाग पाहण्याचा आग्रह धरण्यात संकोच नसावा.

वेळेवर बदललेले पॅड हा लहानसा खर्च असतो. दिरंगाई झाल्यास त्यात डिस्कच्या खर्चाची भर पडते. नेहमीच्या वापरातील झीज सर्वसाधारण मोटार विमा भरून देत नाही आणि पॅड सहसा वॉरंटीतही बसत नाहीत. म्हणूनच वाहनकर्जाच्या हप्त्यासोबत देखभालीसाठीही दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकणे शहाणपणाचे ठरते.

विदर्भाशी नाते सांगणारी भिलाईतील अनेक मराठी कुटुंबे सणावाराला राजनांदगाव, साकोली, भंडारा या मार्गाने नागपूर गाठतात. हा प्रवास सुमारे अडीचशे किलोमीटरचा आहे. सेक्टरच्या रस्त्यांवर ताशी चाळीसच्या वेगात खपून गेलेली ब्रेकची उणीव महामार्गावर उघडी पडते, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर वाहन थांबण्यास चौपट अंतर लागते. निघण्यापूर्वी एकदा चारही चाकांचे ब्रेक तपासून घेण्यास फार वेळ लागत नाही. गाडीत घरची मंडळी बसणार असतील, तर तेवढा वेळ अवश्य काढावा.